पटावरचे प्रश्न : वंशांचा तोल आणि घरचे नियम

फासे टाकत आणि कथा रचत खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी केवळ पात्रांच्या वंशांशी संबंधित प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली असून पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची आवृत्ती खेळतो. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी आहे. पात्राच्या सहा गुणांसाठी (शक्ती, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव) आम्ही पुस्तकातील १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरावीक आकडे वापरतो. गटात दोन एल्फ आणि एक डोंगरी ड्वार्फ (हे खेळातले मानवेतर वंश) आहे. चौथ्या मित्राने मनुष्य घेतला आणि आता त्याला वाटते की आपण फक्त मशाल धरायला आहोत. तोल साधण्यासाठी मी एल्फांच्या शक्तीतून दोन वजा करायचे आणि मनुष्याला सर्व गुणांत एकाऐवजी दोन द्यायचे ठरवले, तर गटात वाद झाला. योग्य नियम कोणता? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या मित्राची तक्रार रास्त आहे. तुम्ही योजलेले दोन्ही उपाय मात्र सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम वजाबाकीचे पाहू. एल्फ घेणारा खेळाडू बहुधा धनुर्धर, चोर किंवा जादूगार होतो, आणि या तिघांनाही शक्तीची गरज फारशी पडत नाही. शक्तीतून दोन वजा केले तर तो आपला ८ चा आकडा तिथे टाकून मोकळा होईल आणि पूर्वीइतकाच समर्थ राहील. ज्याला दुधारी तलवार पेलणारा, चारचौघांपेक्षा वेगळा एल्फ उभा करायचा आहे, त्याची वाट मात्र या नियमाने बंद होते. म्हणजे ज्याच्यामुळे तोल बिघडला त्याला दंड बसत नाही आणि ज्याने काहीच बिघडवले नाही त्याला बसतो. या खेळाच्या इतिहासातही हेच घडले आहे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत ड्वार्फ योद्धा सहाव्या आणि हाफलिंग, म्हणजे ठेंगू वंशाचा, योद्धा चौथ्या पातळीपुढे (पातळी म्हणजे अनुभवाने चढत जाणारा टप्पा) जाऊ शकत नसे, मनुष्याला अशी मर्यादा नव्हती. हेतू मनुष्याला मोल देण्याचाच होता. पण ज्या गटाची मोहीम चौथ्या पातळीआधी संपे, त्याच्यासाठी ती मर्यादा असून नसल्यासारखी होती, आणि ज्याची मोहीम लांबे त्याच्या हाफलिंगाने पुढे नुसते बघत बसायचे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या आणि त्याऐवजी मनुष्याला एक जादा फीट (पात्राची खास क्षमता) व जादा कौशल्यगुण दिले. दुसऱ्याचे हिरावण्यापेक्षा ज्याचे कमी आहे त्याला देणे बरे, हा धडा या खेळाने पाव शतकानंतर घेतला. तो तुम्ही आयता घ्यावा.

आता मनुष्याच्या दुबळेपणाचे मूळ. फाशावरच्या आकड्यात मिळवला जातो तो गुण नव्हे, तर गुणावरून निघणारा मॉडिफायर, आणि तो दर दोन आकड्यांनी एकदा वाढतो. १४ आणि १५ या दोन्हींचा मॉडिफायर अधिक २ च असतो. १६ झाले की तो अधिक ३ होतो. तुमच्या ठरावीक आकड्यांत मनुष्याचा एकेक मिळवला की १६, १५, १४, १३, ११ आणि ९ असे आकडे होतात. कागदावर सहा ठिकाणी वाढ दिसते, पण मॉडिफायर हलतो तो १५ चे १६ आणि १३ चे १४ होताना, म्हणजे दोनच ठिकाणी. डोंगरी ड्वार्फाला शक्ती आणि काटकपणा यांत प्रत्येकी दोन मिळतात आणि त्याचेही दोनच मॉडिफायर वाढतात. शिवाय त्याला अंधारातली दृष्टी, विषाविरुद्ध संरक्षण आणि मध्यम चिलखत वापरण्याची मुभा मिळते. मनुष्याच्या पदरात त्याबदल्यात आपल्या पसंतीची एक भाषा आणि थोडा अधिक वेग पडतो. तुमच्या मित्राला जे जाणवते ते हेच आहे. तुमच्या प्रस्तावाप्रमाणे त्याला सर्वत्र दोन दिले, तर सहाही मॉडिफायर वाढतील, म्हणजे ड्वार्फाच्या तिप्पट; आणि मॉडिफायरमधील एकाची किंमत वीस बाजूंच्या फाशावर पाच टक्के असते हे लक्षात घेता मग ड्वार्फाचे पत्र मला येईल.

यावर पहिला उपाय नवा नियम करण्याचा नसून पुस्तकातलीच दुसरी पद्धत वापरण्याचा आहे. ठरावीक आकड्यांऐवजी २७ गुण (हे खर्चायचे गुण, पात्राचे सहा गुण नव्हेत) खर्चून आकडे विकत घेण्याची पॉइंट बाय पद्धत सर्वांना लागू करा. त्यात ८ फुकट मिळतो, ९ ला १, १० ला २, ११ ला ३, १२ ला ४, १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९ गुण पडतात. मनुष्य घेणाऱ्याने १५, १५, १३, ११, ९ आणि ८ घेतले की बरोबर २७ गुण संपतात, आणि एकेक मिळवल्यावर १६, १६, १४, १२, १० आणि ९ होतात. पाच ठिकाणी मॉडिफायर वाढला. तिकडे ड्वार्फाने १४, १४, १४, १२, १० आणि ८ घेतले, तर त्याचेही २७ च गुण जातात आणि दोन-दोन मिळवून १६, १६, १४, १२, १० व ८ होतात. दोघांचे मॉडिफायर ताडून पाहा : अधिक ३, अधिक ३, अधिक २, अधिक १, शून्य आणि वजा १. तंतोतंत सारखे! विषम आकडे निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, की मनुष्याचे आकड्यांतले मागासलेपण मिटते.

राहतो प्रश्न ड्वार्फाच्या इतर देणग्यांचा, आणि तिथे मात्र घरच्या नियमाला जागा आहे. २०२४ च्या आवृत्तीने मनुष्याला एक जादा कौशल्य, एक आरंभीची फीट आणि दर दीर्घ विश्रांतीनंतर एक फासा पुन्हा टाकण्याची मुभा दिली आहे. तुमच्या जुन्या आवृत्तीतील मनुष्याला यांपैकी कौशल्य आणि पुन्हा फासा टाकणे ही दोनच द्यावीत आणि फीट ठेवून द्यावी, कारण त्या आवृत्तीतील काही फीट फार बलवान आहेत आणि त्यांमुळे काटा दुसऱ्या बाजूला झुकतो. पुन्हा फासा टाकण्याची मुभा मला विशेष आवडते. ती दिवसातून एकदाच कामास येते, पण ती कधी वापरायची हे खेळाडू स्वतः ठरवतो, आणि त्या क्षणी साऱ्या गटाचे लक्ष त्याच्याकडे असते.

मशालीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण बहुतेक गटांत मनुष्यावर खरा अन्याय इथे होतो आणि तो नियमामुळे नव्हे, नियम अर्धवट वाचल्यामुळे होतो. २०१४ च्या नियमांनुसार अंधारातली दृष्टी असलेल्या पात्राला ६० फुटांपर्यंत गडद अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, आणि तोही केवळ करड्या छटांत. मंद उजेडात नजरेने काही हेरायचे तर फासा डिसअॅडव्हांटेजने, म्हणजे दोनदा टाकून लहान आकडा धरून, टाकावा लागतो, आणि पात्राची निष्क्रिय जाणीव, म्हणजे मुद्दाम न शोधता काही लक्षात येण्याची क्षमता, ५ ने घटते. मशालीचा उजेड मात्र २० फुटांपर्यंत लख्ख असतो आणि पुढचे २० फूट मंद असतो. म्हणून मशाल विझवून भुयारात शिरलेल्या एल्फांना जमिनीवरची सापळ्याची दोरी सहज चुकेल, आणि भिंतीवरचा तांबडा डाग रक्ताचा की गेरूचा हे तर कळणारच नाही. तुमच्या भागात रात्री वीज आल्यावर शेतात मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाला बॅटरीची किंमत सांगावी लागत नाही. भुयारातील मशालीला तोच मान द्या. हा नियम पूर्ण पाळून काही बैठका खेळून पाहा आणि मगच मनुष्याला आणखी काही द्यायचे का ते ठरवा.

प्रश्न : आमच्या मोहिमेचे कथानक गाविलगडासारख्या किल्ल्यावर बेतलेले आहे. एका मैत्रिणीने आराकोक्रा, म्हणजे पंख असलेला पक्षिमानव, घेतला. तट, कडा, खंदक, दरवाजे, सगळे तिच्यापुढे व्यर्थ झाले आहे. तिला नाही म्हणावे का? (चिखलदरा परिसर, जि. अमरावती)

उत्तर : नाही म्हणू नका, तिने आवडीने निवडलेले पात्र आहे. परंतु पहिल्या पातळीपासून अमर्याद उड्डाण देणेही योग्य नाही. जुन्या नियमांत आराकोक्राचा उडण्याचा वेग ५० फूट होता, २०२२ च्या सुधारित रूपात तो चालण्याच्या वेगाइतका, म्हणजे ३० फूट, केला गेला. पण वेगाने प्रश्न सुटत नाही. मुख्य अडचण अशी, की जादूगाराला उडण्याचा मंत्र मिळतो तो पाचव्या पातळीला, आणि तोही दहा मिनिटांपुरता व एकाग्रता टिकली तर. जी गोष्ट इतरांना एवढ्या वाटचालीनंतर मोजूनमापून मिळते, ती एकीला जन्मतः आणि कायमची मिळते.

म्हणून पातळीशी बांधलेला नियम करावा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वंशाच्या फीट पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या आणि सतराव्या पातळीला टप्प्याटप्प्याने मिळतात. तीच रीत इथे उचलता येते. पहिल्या ते चौथ्या पातळीत तुमच्या मैत्रिणीचे पात्र आपल्या पाळीत उडू शकेल, परंतु पाळी संपताना त्याचे पाय कशावर तरी टेकलेले असले पाहिजेत. तसे नसेल तर ते तरंगत खाली येईल, पण त्याला इजा होणार नाही. दुसऱ्या पात्राला उचलून नेता येणार नाही. पाचव्या पातळीला हे बंधन गळून पडेल आणि पूर्ण उड्डाण मिळेल. पंख पहिल्या दिवसापासून तिचेच राहतात, फक्त त्यांचे बळ कथेबरोबर वाढते.

असे केल्यावर किल्ला व्यर्थ राहत नाही. गाविलगडाचाच इतिहास पाहा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज फौजेने तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडले, तरी आतला तट उभाच होता. तेव्हा एका तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडून दिला. आधी आत उतरलेल्यांनी दरवाजापर्यंत पोहोचणे आणि तो उघडेपर्यंत तग धरणे, हाच खरा प्रसंग आहे. तुमची पक्षिमानव तटावर उतरली, तिने ५० फुटांचा दोर सोडला, आणि उरलेले चौघे वर येईपर्यंत तिला एकटीला पहारेकऱ्यांना थोपवायचे आहे, तर तिचे पंख साऱ्या गटाच्या उपयोगी पडले आणि खेळ कोणाचाच हुकला नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. काही डंजन मास्टर उडणाऱ्या पात्राला वठणीवर आणण्यासाठी प्रत्येक चकमकीत धनुर्धर पेरतात. लांब धनुष्याचा सामान्य पल्ला १५० फूट असतो, आणि हवेत तोल जाऊन पडलेल्या पात्राला दर १० फुटांमागे सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा होते; तेव्हा धोका नियमांत आहेच. तो जिथे कथेत शोभतो तिथेच आणावा. आपल्यासाठीच शत्रू गोळा केले जात आहेत हे खेळाडूच्या लगेच लक्षात येते आणि मग तिचा खेळावरचा विश्वास उडतो.

प्रश्न : आम्ही पुस्तकातील एल्फ-ड्वार्फ बाजूला ठेवून आपल्या विदर्भावर आधारलेले जग तयार करत आहोत. एका मित्राने सुचवले की इथल्या खऱ्या जमाती आणि समाज हेच वंश धरावेत आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे गुण अधिक-उणे द्यावेत. मला हे खटकते, पण नेमके का ते मांडता येत नाही. (मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुम्हाला खटकले ते योग्यच आहे, आणि हा नियम कोणत्याही रूपात करू नये. कल्पित जीवाला डोंगराएवढे बळ देणे आणि आपल्या शेजारच्या टोल्यावर राहणाऱ्या माणसांच्या नावापुढे बुद्धी वजा दोन असे लिहिणे यांत मूलभूत फरक आहे. पहिला खेळ आहे. दुसरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जन्मावरून जोखणारी नजर, ती फाशांच्या तक्त्यात मांडलेली. तुमच्या गटात आज त्या समाजाचे कोणी नसेल, पण उद्या एखादा मुलगा खेळायला येऊन बसेल आणि ती वही उघडेल, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

खेळाचा प्रवासही याच दिशेने झाला आहे. २००० च्या आवृत्तीत हाफ-ऑर्कची (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क नावाचा राक्षस) बुद्धी आणि प्रभाव यांतून दोन-दोन वजा होत असत. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात अशा वजाबाक्या राहिल्या नाहीत. २०२० साली गुणवाढ हव्या त्या गुणांत फिरवण्याची मुभा मिळाली. आणि २०२४ मध्ये गुणवाढ वंशाकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीला, म्हणजे त्याने आयुष्यात काय केले याला, जोडली गेली. त्या पद्धतीत प्रत्येक पार्श्वभूमीला तीन गुण नेमलेले असतात, आणि खेळाडू त्यांपैकी एकात दोन व दुसऱ्यात एक, किंवा तिन्हींत एकेक वाढवतो.

विदर्भाच्या जगासाठी ही पद्धत फार समृद्ध ठरेल. जंगलातल्या वाटाड्याला चपळता, काटकपणा आणि शहाणपण द्या. तालमीत घडलेल्या पहिलवानाला शक्ती, काटकपणा आणि प्रभाव द्या. जुन्या मालगुजारी तलावाच्या पाण्याची वाटणी सांभाळणाऱ्याला बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव शोभतील, कारण उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून पेटलेले भांडण मिटवणे हे मोठे कसब आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, बाजाराच्या दिवशी गावोगाव फिरणारा व्यापारी, सुईण, दंडार गाजवणारा कलावंत, अशा कितीतरी पार्श्वभूमी तुम्हाला सुचतील.

परंतु इथेही सावध राहावे लागेल. आपल्याकडे कामे जन्माला बांधली गेली होती, त्यामुळे पार्श्वभूमीची यादी नकळत जातींची यादी होऊ शकते. यावर नियम सोपा आहे आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहावा : कोणत्याही घरात जन्मलेले कोणतेही पात्र कोणतीही पार्श्वभूमी घेऊ शकते, आणि पार्श्वभूमीच्या नावात समाजाचे नाव येणार नाही. वंशच हवे असतील, तर ते पूर्णपणे कल्पनेतून घडवा. लोणारचे विवर उल्कापाताने झाले. त्या आघातातून जन्मलेले, काळ्या बसाल्टचे अंग असलेले जीव कोणाचीही नक्कल न ठरता या मातीतले वाटतील. त्यांना गुणवाढ न देता एखादी वेगळी क्षमता द्या, उदाहरणार्थ दगडाला हात लावून त्याची कंपने ओळखणे. अशा क्षमतेने कथा पुढे सरकते, आणि तिचा तोल राखणेही आकड्यांपेक्षा सोपे जाते.

प्रश्न : आमची मोहीम ऐन वैशाखातल्या उघड्या माळावर चालते. माझे पात्र कोबोल्ड, म्हणजे सरड्यासारखा छोटा जीव, आहे आणि जुन्या नियमाप्रमाणे त्याला ऊन सोसत नाही, त्यामुळे प्रत्येक हल्ला डिसअॅडव्हांटेजने करावा लागतो. (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : ज्या हल्ल्यात यशाची शक्यता ५० टक्के आहे, ती डिसअॅडव्हांटेजने २५ टक्के होते, तुमची निराशा समजण्यासारखी आहे. त्या जुन्या कोबोल्डाला साथीदार शत्रूच्या ५ फुटांत असताना अॅडव्हांटेजही, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा धरण्याची मुभाही, मिळतो, आणि दोन्ही एकमेकांना रद्द करतात. म्हणजे त्याची ही उणीव आणि ही देणगी जोडीनेच तोलली आहेत, पण त्यासाठी मोहिमेत ऊन आणि भुयार दोन्ही असायला हवीत. तुमच्या माळावर नुसती उणीवच राहिली आहे. डंजन मास्टरांना एवढेच सुचवा, की मूळ नियमात पात्र किंवा त्याचे लक्ष्य यांपैकी कोणीही उन्हात असले तरी तोटा होतो, तो केवळ पात्र स्वतः उन्हात असतानाच व्हावा. म्हणजे पळसाच्या सावलीतून केलेला हल्ला सरळ फाशाने होईल. डोळ्यांवर दुपट्टा ओढून घेतल्यास उन्हाचा तोटा अजिबात होऊ नये, पण ६० फुटांपलीकडचे काही दिसू नये, असाही पर्याय आहे. मला पहिला अधिक पसंत आहे, कारण त्याने खेळाडू नकाशावरच्या झाडांकडे पाहू लागतो.

प्रश्न : मोहीम अर्ध्यावर असताना वंशाचा नियम बदलावा का? कापूस वेचणीच्या दिवसांत आमचे निम्मे खेळाडू येत नाहीत, आणि जे येतात ते नियम ठरवून टाकतात. (वरोरा तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : बदलता येतो, परंतु अनुपस्थित खेळाडूच्या पात्राला लागणारा नियम तो परत येईपर्यंत लागू करू नये. बदल कोणाला काही देणारा असेल, तर तो पुढच्या बैठकीपासून लागू करा. काही काढून घेणारा असेल, तर तो मोहिमेतला एखादा टप्पा संपल्यावरच लागू करावा, आणि ज्याचे पात्र त्यामुळे बदलते त्याला वंश, आकडे आणि कौशल्ये नव्याने निवडण्याची पूर्ण मुभा द्यावी. मिळवलेली पातळी आणि सामान मात्र तसेच राहावे. प्रत्येक नियमासमोर तो कोणती अडचण सोडवण्यासाठी केला ते एका वाक्यात लिहा. तीन बैठकांनंतर ते वाक्य सर्वांसमोर वाचून अडचण खरोखर मिटली का ते विचारा, आणि मिटली नसेल तर तो नियम खोडून मूळ नियमावर परत या.